बरोबर उत्तर कोरं ठेवलं

८ एप्रिल

शहाण्या,

अक्षरावरून ओळखलं असशीलच. दुसरीपर्यंतच्या शाळेत जेवढं वळण लागलं तेवढंच आहे, नाक मुरडू नकोस. ख्यालीखुशाली विचारायला लिहीत नाही. ती विचारायची असती तर इतक्या वर्षांत कधीतरी विचारली असती, तूही आणि मीही. काम तुझ्या कचेरीतलं आहे म्हणून लिहिते.

तुझ्या बहिणीला मुलगी आहे. तिसरीत शिकते. एका जागी बसत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. बाप मालाची गाडी चालवतो, अर्धा महिना रस्त्यावर असतो. हा तोच जावई, ज्याच्याबद्दल तू लग्नात पाहुण्यांसमोर बोलला होतास, की चाचणीत नापास झालेलीच्या गळ्यात गाडीवालाच पडायचा. त्यावर मी तुला जी थोबाडीत दिली ती अजून माझ्या हिशेबी बरोबर आहे, ती परत घ्यायला हे पत्र नाही.

मागच्या महिन्यात तुमची चाचणी झाली. सगळ्या शाळांना एकच कागद, एका प्रश्नाला चार उत्तरं, उत्तराचा गोल काळा करायचा, आणि मग कागद तुमचं यंत्र वाचणार. तुला मी काय सांगणार, तूच तिथला साहेब. त्या यंत्राने सांगितलं की भिंगरीला शून्य.

शाळेतल्या मोठ्या बाईंनी आम्हाला बोलावलं. मी गेले, तुझी बहीण आली. बाईंचं टेबल मोठं आहे आणि समोरच्या खुर्च्या ठेंगण्या, म्हणजे आलेल्या माणसाने आपोआप मान वर करून बोलावं. मी बसलेच नाही.

बाई म्हणाल्या, "आजी, वाईट वाटून घेऊ नका. चौथीपासून तिला मागच्या वर्गात घालू. तिथे तिच्या कुवतीप्रमाणे शिकवतात."

मागचा वर्ग म्हणजे काय ते तुझ्या बहिणीला विचार. त्यात गेलेलं पोर पुढे येत नाही. तिथे कागदी फुलं शिकवतात. ती घरी आणायची तेव्हा तू हसायचास.

मी म्हटलं, "बाई, शून्य म्हणजे एकही नाही?"

"एकही नाही."

"डोळे मिटून गोल रंगवले असते तरी चारातला एखादा बरोबर लागला असता. माझ्या कपांच्या कोठारात आंधळ्याने टोपलीत हात घातला तरी अधूनमधून चांगला कप हाती येतो. हिला एकसुद्धा कसा लागला नाही?"

बाई म्हणाल्या, "यंत्र चुकत नाही, आजी."

"यंत्र चुकलं असं कुठे म्हणते? मी विचारते, कागद कुणी बघितला?"

कागद कुणीच बघितला नव्हता. कागद इथून बंद पेटीत गेला आणि तिथून आकडा आला. पोरीच्या वर्गाचे सर शेजारी उभे होते. ते म्हणाले, मलाही नवल वाटलं, वर्गात ती बरी उत्तरं देते. बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते खिडकीतून बाहेर बघायला लागले.

घरी येऊन मी सरांकडून मागून आणलेला सरावाचा कागद पोरीपुढे ठेवला. म्हटलं, शाळेत केलंस तसंच कर, मी मध्ये बोलणार नाही. ती पालथी पडून करायला लागली. पहिला प्रश्न, पाचात तीन मिळवले तर किती. तिने सहाचा गोल काळा केला. सातचा केला. नवाचाही केला. आठाचा गोल तसाच ठेवला आणि पुढच्या प्रश्नाला गेली.

मी बघतच राहिले. तू कोठारात कधी टिकला नाहीस, तुझा सदा अभ्यास असायचा, म्हणून सांगते. भट्टीतून कप आले की एकेक उचलायचा, बोटाच्या पेराने टिचकी मारायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर बाजूला ठेवायचा. बद्द वाजला तर आत तडा आहे, त्याच्या बुडाला काळी खूण करायची. चांगल्या कपाला खूण करायची नाही, ती पुसताना चकाकी जाते. भिंगरी चालायला लागल्यापासून हे बघते आहे. एकदा तिने चांगल्या कपावर काळं ओढलं होतं तेव्हा मी तिच्या हातावर फटका दिला होता, तोही तिने चांगला लक्षात ठेवला म्हणायचा.

मी विचारलं, "बये, सरांनी काय सांगितलं होतं?"

"उत्तराचा गोल काळा करा."

"मग बरोबर उत्तराचा का नाही केलास?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "चांगल्याला कोण काळं करतं, आजी?"

तेव्हा काम असं आहे. तिचा कागद तुमच्याकडे आहे. तो काढ आणि डोळ्यांनी बघ. गुण वाढवून मागत नाही, नुसता बघ. चौथीचे वर्ग ठरायला फार दिवस नाहीत.

तुझी खोली मी मालाने भरली आहे. खाट तेवढी आहे, अवजड म्हणून हलवली नाही.

आई


१९ एप्रिल

शहाण्या,

तुझं उत्तर मिळालं. पाकिटावर कचेरीचा शिक्का बघून पोस्टमन आत येऊन देऊन गेला, एरवी दारातून फेकतो. आत छापील कागद आणि खाली तुझी सही. "एका प्रश्नास एकाहून अधिक गोल भरल्यास ते उत्तर ग्राह्य धरले जात नाही." दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा तुझ्या बहिणीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती कपांना कागद गुंडाळत होती. ती म्हणाली, "बरोबरच आहे त्याचं," आणि गुंडाळत राहिली. इतक्या शांतपणे म्हणाली की मला तुझ्याहून तिचाच राग आला.

नियम मला पटला. खरंच पटला. चारही गोल काळे करणाऱ्याला गुण दिले तर उद्या सगळेच चारही करतील. पण मी नियम विचारला नव्हता, कागद बघ म्हटलं होतं. माणसाला पाणी मागावं आणि त्याने विहिरीची खोली सांगावी, तसं केलंस.

आता माझं ऐक, नंतर हवं तर हे पत्र टोपलीत टाक. तुमची चाचणी कशासाठी आहे? पोराला काय येतं ते कळावं म्हणून ना? मग भिंगरीच्या बाबतीत काय कळलं? तिला सांगितलं तसं गोल भरता येत नाहीत, एवढंच. ते खरं आहे. त्याबद्दल तिला हवं तर ओरडा, मी आड येणार नाही. पण गोल भरता आले नाहीत म्हणून तिला बेरीज येत नाही असं म्हणणं म्हणजे पाहुण्याने जोडे चुकीच्या जागी काढले म्हणून त्याला चालता येत नाही म्हणण्यासारखं आहे.

तू हुशार होतास, ते कुणी नाकारत नाही. तुला चाचणीत वरचा नंबर मिळाला आणि तुझ्या बहिणीला खालचा, तेव्हा तुम्ही दोघांनी तो खरा मानला. तू फुगलास आणि ती मिटली. तिला त्या दिवशी ताप होता. माझ्याशिवाय ते कुणाला आठवत नाही, तिलासुद्धा नाही. म्हणून मी या वेळी आकड्यावर गप्प बसणार नाही.

पालकाने मागितला तर कागदाची नक्कल द्यायची असाही तुमचा नियम आहे. वर्गाच्या सरांनी शोधून दिला. बिचारे चांगले आहेत, फक्त भित्रे आहेत. तुझ्या बहिणीने अर्ज केला आहे, सोबत जोडला आहे. सही तिची आहे. मी काही सांगायच्या आत तिने स्वतःच टेबलावरून पेन उचललं.

आता नियमानेच चल.

आई


४ मे

शहाण्या,

नक्कल मिळाली.

पाकिटात चिठ्ठी असेल म्हणून मी ते झटकून बघितलं. नव्हती. पण कागदाच्या कडेला तुझी पेन्सिल होती. जिथे भिंगरीने बरोबर उत्तर कोरं ठेवलं होतं तिथे प्रत्येक ओळीत एक बारीक टिंब. वरपासून खालपर्यंत. छापील सहीपेक्षा मला ती टिंबं चालतील.

दोन ओळींपुढे टिंब नव्हतं. तिथे ती चुकली आहे, तेही तू लपवलं नाहीस. चांगलं केलंस. लपवलं असतंस तर मला कळलं असतं आणि तुझी काही खैर नव्हती.

आता शाळेत काय झालं ते सांगते, कारण तू तिथे नव्हतास आणि असायला हवा होतास.

मोठ्या बाईंनी कागद घेतला, चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागल्या. अर्ध्यावर आल्यावर बोट थांबलं. मग पुन्हा वरून सुरू केलं. वर्गाचे सर त्यांच्या खांद्यावरून बघत होते, आणि एकदम हसले. बाईंनी मान वळवली तरी या वेळी ते खिडकीकडे गेले नाहीत.

बाई म्हणाल्या, "आजी, तिला येतंय हे मला दिसतं. पण यंत्राने दिलेला आकडा मला खोडता येत नाही."

मी म्हटलं, "खोडू नका. आकडा राहू द्या, भिंतीवर लावा हवा तर. ही पोरगी इथेच उभी आहे, तिला तोंडी विचारा. आत्ता. मी बाहेर जाते, तिची आई बाहेर जाते. आम्ही खुणा करतो असं नंतर कुणी म्हणायला नको."

बाई जरा चिडल्या. "तुम्ही मला शिकवणार?"

"दुसरी शिकलेली बाई तुम्हाला काय शिकवणार? मी फक्त दार लावून घेते."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. दार नीट लागत नाही, त्याला मी काय करू. सगळं ऐकू येत होतं. बाईंनी तोच कागद घेतला पण प्रश्न मागूनपुढून विचारले. भिंगरी धडाधड सांगत होती. मध्ये बाई म्हणाल्या, "सावकाश." ही म्हणते, "तुम्ही सावकाश विचारा की."

तुझी बहीण तोंडात पदर कोंबून बसली होती. रडते की काय म्हणून बघितलं तर हसत होती.

मग तो प्रश्न आला. यांपैकी कोणती वस्तू सहज फुटते? चेंडू, कप, पुस्तक, खुर्ची. कागदावर पोरीने चारही काळे केले होते, तू टिंब दिलं नव्हतंस त्यातला तो एक.

बाई म्हणाल्या, "कप फुटत नाही?"

"फुटतो."

"मग?"

"सहज नाही फुटत. आमच्या घरी सहज फुटला तर आजी सोडेल का?"

सर मोठ्याने हसले. बाई म्हणाल्या, "कप हे उत्तर आहे, बाळ. लोकांच्या घरी फुटतो." भिंगरी म्हणाली, "बरं." तेवढ्यावर मिटलं. दुसरा प्रश्न महिन्यांचा होता, तो तिला तोंडीही आला नाही. कोणता महिना कुणानंतर येतो यात ती गडबडते. येत नाही ते येत नाही. ते मी घरी घोकून घेते आहे, सकाळ-संध्याकाळ, आणि तिला माझा वीट आला आहे.

बाईंनी दार उघडलं. म्हणाल्या, "ती पुढच्या वर्गात बसेल. मी माझ्या सहीने लिहून देते. वरून विचारलं तर मी उत्तर देईन."

बाई वाईट नाहीत. इतकी वर्षं त्यांच्यापुढे आकडे येत गेले आणि त्या पोरं वाटत गेल्या. मी आभार मानून उठले. तेवढ्यात तुझी बहीण म्हणाली, "आणि बाकीचे?"

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. ती अशा जागी कधी बोलत नाही हे तुला माहीत आहे. हात पदरात गुंडाळलेले होते, पण उभी होती.

"मागच्या वर्गात जाणारी बाकीची पोरं," ती म्हणाली. "त्यांनाही तोंडी विचारा ना, बाई. माझ्या मुलीसाठी आजी आली. सगळ्यांना अशी आजी नसते."

बाई म्हणाल्या, "इतक्यांना एकेक करून विचारायचं म्हणजे किती वेळ जाईल, कल्पना आहे?"

तुझी बहीण म्हणाली, "मी त्या वर्गात चौथीपासून शेवटपर्यंत होते. तेवढा तर नाही जाणार."

मी असं बोलणाऱ्या लेकीची आई आहे. तू माझ्या जागी असतास तर तुझीही छाती फुगली असती. शेजाऱ्यांना मी काही सांगितलं नाही. पण तुला सांगते आहे.

आई


२१ मे

शहाण्या,

तुझं पत्र मिळालं. हाताने लिहिलेलं. अक्षर बिघडलंय तुझं, यंत्राच्या संगतीने. पण चार पानं लिहिलीस.

आधी शाळेचं. मोठ्या बाईंनी खरंच सगळ्यांना बोलावलं. मागच्या वर्गासाठी निवडलेली पोरं एकेक करून आत, आई-बाप बाहेर बाकांवर. सरांनी जुन्या चाचणीचेच प्रश्न विचारायचे, बाईंनी ऐकायचं. त्या दिवशी कोठाराला कुलूप लावून आम्ही दोघी तिथे गेलो, बघ्यांसारख्या. मला कुणी बोलावलं नव्हतं. मला कुणी हाकललंही नाही.

एका मुलाला फळ्यावरचंच दिसत नव्हतं, कागदावरचे बारके गोल कुठून दिसणार. कागद नाकाला लावला तर सगळं वाचत होता. त्याची आई तिथेच डोकं धरून बसली, की हा घरी भिंतीला का धडकतो ते आता कळलं. एक मुलगी बरोबर सांगत होती, पण एका उत्तराला इतका वेळ घ्यायची की सर घड्याळ बघायचे. बाई त्यांना म्हणाल्या, "घड्याळ खिशात ठेवा." मला त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

आणि एका पठ्ठ्याला खरंच काही येत नव्हतं. विचारलं की गोड हसायचा आणि म्हणायचा, "मला नाही येत." त्याला तुमच्या यंत्राने बरोबर ओळखलं होतं, तेवढं श्रेय मी यंत्राला देते. पण मग बाईंनी त्याला विचारलं, तुला का येत नाही? तर म्हणाला, मी आत्ता आलो, आधी शाळेतच नव्हतो. हे विचारायला तुमच्या कागदावर गोल नाही.

शेवटी मागच्या वर्गात जायला इतकी थोडी पोरं उरली, की बाईंनी तो वर्गच उघडला नाही. उरलेल्यांना पुढच्याच वर्गात बसवायचं आणि सरांनी त्यांना शाळा सुटल्यावर थोडं जास्त शिकवायचं, असं ठरलं. सरांनी स्वतःहून हात वर केला, एखाद्या पोरासारखा. त्या खोलीत आता जुने नकाशे ठेवले आहेत. तुझ्या बहिणीने दारातून एकदा आत डोकावून बघितलं आणि दार ओढून घेतलं.

तू लिहितोस की तुमच्या कचेरीत तू वरच्यांना सांगितलंस, ज्या कागदाला शून्य येईल तो निदान एका माणसाने डोळ्यांनी बघावा. आणि ते मान्य झालं. छान झालं. त्यासाठी तुला किती बोलणी खावी लागली तेही लिहिलं आहेस. खा. चाळिशीला आलास, एवढं पचलं पाहिजे.

भिंगरीला नवा वर्ग ठरल्याचं सांगितलं तेव्हा ती नाचली बिचली नाही. पुढच्या वर्गाची पुस्तकं आणून दिली, ती चाळली, आणि म्हणाली, "आजी, यात गृहपाठ फार आहे." मी म्हटलं, आता भोग. मग तिने मला सरावाचा कागद सोडवायला बसवलं, घड्याळ लावून, आणि मध्ये बोलायचं नाही असा दम देऊन. मला किती मिळाले ते तुला सांगणार नाही. ती म्हणते, मला मागच्या वर्गात घातलं असतं, पण तो आता बंद झाला.

आता तुझ्या शेवटच्या पानाचं. तू विचारतोस की तुमच्या तळघरात जुने कागद अजून आहेत, बहिणीचा कागद शोधू का. तिला तेव्हा खरं किती येत होतं ते बघू का. मी ते पान तिला वाचून दाखवलं नाही, तिच्या हातात दिलं. ती ते घेऊन कोठाराच्या मागच्या दारात गेली. बराच वेळ आली नाही. मी गेले नाही तिच्यामागे, माझा माल पडला होता.

आली तेव्हा पान घडी घालून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "त्याला कळव, शोधू नको म्हणावं."

मी म्हटलं, "अगं, गुण चांगलेच निघतील. ताप होता तुला."

"निघू देत नाहीतर न निघू देत," ती म्हणाली. "मला किती येत होतं ते त्याला कागद बघून कळणार असेल तर काय उपयोग. यायचं असेल तर ये म्हणावं. कागद आणू नको."

मग हात धुऊन कपांना बसली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं की तुझ्या खोलीतल्या पेट्या बाहेर काढायला गाडीवाल्याला रविवारी थांबवू का. मी म्हटलं, थांबव.

तेव्हा रविवारनंतर कधीही ये. हात हलवत आलास तरी चालेल.

आई